बिडी सुटली, खोकला राहिला

सोनाराच्या हातांबद्दल लोक बोलतात. नक्षी पाहिली की म्हणतात, काय हात आहे. आयुष्य या धंद्यात काढल्यावर मी सांगतो, हात नंतर. आधी श्वास.

आता दुकानांत पायाने दाबायचे भाते आले, गॅसच्या नळ्या आल्या. एकोणीसशे तिसाच्या आसपास सोलापूरच्या शुक्रवार पेठेत सोनाराचं दुकान म्हणजे घराच्या ओसरीवर एक ऐरण, एक शेगडी, करडईच्या तेलाचा जाड वातीचा दिवा आणि बाकनळी. बाकनळी ही वीत-दीड वीत लांबीची पितळी नळी, टोकाशी वाकलेली. जाड टोक ओठांत धरायचं, बारीक टोक ज्योतीपाशी न्यायचं आणि फुंकायचं. ज्योत आडवी होते, निमुळती होते आणि नेमकी हवी तिथे लागते. दागिन्याचे दोन तुकडे जोडायचे असले की सांध्यावर डागाचा कण ठेवतात. डाग म्हणजे लवकर वितळेल असं मिश्रण. आच लागली की तो आधी पाझरतो आणि दागिना शाबूत राहतो. मात्र ज्योत क्षणभर जास्त थांबली किंवा भलतीकडे उडाली, तर दागिनाही पाझरतो.

म्हणून फुंक तुटता कामा नये. गालांत हवा साठवायची, गाल ती नळीत ढकलत राहतात आणि तेवढ्यात नाकाने नवा श्वास घ्यायचा. हे जमायला मला दीड वर्ष लागलं. वडील पाण्याच्या तांब्यात नळी बुडवून फुंकायला लावत. बुडबुडे थांबले की डोक्यात टपली.

आणि या श्वासावर पोट असलेले आम्ही पेठेतले झाडून सगळे सोनार बिडी ओढत होतो. समोर दिवा कायम पेटलेला, काडीसुद्धा लागत नव्हती. एक डाग झाला की एक बिडी, असा हिशोब होता. मी सोळाव्या वर्षी सुरुवात केली आणि पस्तिशीला आलो तेव्हा दिवसाला बिड्यांचा एक कट्टा पुरत नव्हता. सकाळी उठल्यावर खोकल्याची उबळ यायची. पहिली बिडी ओढली की ती बसायची. मला वाटायचं, बिडी हेच खोकल्याचं औषध आहे.

त्या वर्षी संक्रांतीच्या आधी सांगोल्याकडची एक मेंढपाळ बाई नवऱ्याबरोबर दुकानात आली. म्हाकूबाई तिचं नाव. पदराच्या गाठीतून तिने एक बुगडी काढली. कानाच्या वरच्या पाळीत घालायची, बारीक सोन्याच्या रव्यांची, जुन्या हातची. दांडी तुटली होती.

"माज्या आईची हाय," ती म्हणाली. "तेवडी दांडी बशीवली की झालं. बाकी कुटं हात लावू नगा."

काम सोपं होतं. असली कामं मी गप्पा मारत करत असे. ती दोघं समोर बसली. रव्यांना आच लागू नये म्हणून मी त्यांच्यावर ओला गेरू लावला, डागाचा कण ठेवला, बाकनळी तोंडात धरली. डाग पाझरायला आला आणि त्याच क्षणी उबळ आली. एकच. ज्योत उडून रव्यांवर गेली. मी नळी काढली तोवर चार-पाच रवे एकमेकांत विरघळून त्यांचा गोळा झाला होता.

मी तिला नवी बुगडी करून दिली. पंधरा दिवस बसून, रवा रवा जुळवून केली. तिने ती उजेडात धरून बराच वेळ पाहिली.

"चांगली हाय," ती म्हणाली. मग गाठ मारता मारता नवऱ्याला हळूच म्हणाली, "पर आईची न्हाय की ही."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती दोघं गेल्यावर मी कोनाड्यातला बिड्यांचा कट्टा उचलला आणि शेगडीत टाकला. शपथ वगैरे घेतली नाही. नंतर एकही ओढली नाही, इतकंच.

मला वाटलं होतं, कारण गेलं की खोकलाही जाईल. आठ-दहा दिवस कठीण जातील, हे ऐकून माहीत होतं आणि ते गेलेही. हात थरथरायचे, बायकोवर, सुमतीवर, विनाकारण खेकसायचो, भूक अशी लागायची की एका जागी बसून चार भाकऱ्या आणि शेंगाची चटणी संपवायचो. डोकं जड, पोट साफ नाही. हे सगळं हळूहळू निवळत आलं आणि आता जिंकलो असं वाटलं, तेव्हाच खरं दुखणं सुरू झालं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात खोकला वाढला. पूर्वी सकाळपुरता होता, तो आता दिवसभर. तपकिरी, चिकट कफ पडायचा. ओठांच्या आत आणि जिभेच्या कडेला फोड आले, नेमके नळी टेकते तिथे. फुंकायला लागलो की चक्कर यायची. पूर्वी मनात शंभर आकडे मोजून होईपर्यंत ज्योत धरायचो, आता वीस झाले की छातीत काहीतरी खाजवल्यासारखं व्हायचं आणि फुंक तुटायची. मी डागाची कामं मागे ठेवू लागलो. ठोकायची, घासायची, तार ओढायची कामं घेतली. गिऱ्हाइकाला सांगायचो, पुढच्या आठवड्यात या.

सोनार धंद्यात काही लपत नाही. समोरच्या दुकानातले मुरारशेठ माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, मनाने वाईट नव्हते. ते येऊन बसले आणि म्हणाले, "दत्तोबा, शरीराला वीस वर्षांची सवय आहे. एकदम तोडलीस म्हणून हे झालं. दिवसाला दोन ओढ. छाती मोकळी होईल."

"दोनाच्या वीस व्हायला किती दिवस लागतात, शेठ?"

"मग वीस ओढ. पण काम तरी कर."

पेठेत दुसरीही कुजबुज चालू होती आणि ती मला घरातच कळली. एक दिवस जेवायला बसलो तर माझं ताट आणि तांब्या वेगळा होता. ताटाच्या कडेला तारेची बारीक खूण केलेली. माझ्याच दुकानातली तार. मी काही विचारलं नाही, सुमतीनेही काही सांगितलं नाही. घरात दोन लहान मुली होत्या. मिलच्या चाळींतून क्षयाने माणसं जात होती आणि तिने तिचा सख्खा भाऊ त्यात गमावला होता. मी त्या ताटात जेवलो. घास गिळताना एवढंच वाटलं, खरंच तसं असलं तर?

दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेलो. म्हातारे गृहस्थ, कमी बोलणारे. त्यांनी पाठीला नळी लावून ऐकलं, थुंकी तपासायला पाठवली, आणि आठ दिवसांनी मला आणि सुमतीला दोघांनाही बोलावलं.

"ताप येतो?"

"नाही."

"सदरा घट्ट झालाय का?"

"काखेत उसवलाय," सुमती म्हणाली.

"क्षयाच्या माणसाचा सदरा सैल होतो, बाई. थुंकीतही काही निघालं नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मिलमधले बिडी सोडलेले दोन-चार जण माझ्याकडे आले होते. त्यांचंही असंच झालं. धुरानं छातीला गुंगी दिलेली असते. धूर बंद झाला की ती जागी होते आणि साठलेलं बाहेर काढायला लागते. खोकला त्याचा आहे."

"किती दिवस चालेल?"

"कुणाचा महिन्यात गेला, कुणाला वर्ष लागलं. तुमचं मला सांगता येणार नाही."

"औषध?"

"गरम पाणी प्या, रोज चाला, बिडी ओढू नका. बाटली भरून देऊ शकतो, तिनं तुमचं समाधान होईल, खोकल्याचं होणार नाही."

घरी आल्यावर सुमती सरळ स्वयंपाकघरात गेली. त्या दुपारी माझं ताट इतर ताटांत होतं. खूण केलेलं ताट तिने स्वतःपुढे घेतलं होतं. मी दोन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर हसलो, कशावरून ते आठवत नाही.

त्याच सुमारास, पाडवा होऊन गेल्यावर, नागव्वा आली.

अक्कलकोटकडच्या एका धान्याच्या व्यापाऱ्याची आई. सत्तरीची, सडपातळ, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. तिच्या नातीचं लग्न ठरलं होतं आणि त्याआधी वैशाखात तिची लिंगदीक्षा होती. दीक्षेत मिळणारं इष्टलिंग गळ्यात बाळगायचं, त्यासाठी चांदीची डबी हवी होती. आवळ्याएवढी, दोन वाट्यांची, बिजागरीची, दोरा ओवायला दोन्ही अंगांना कड्या. ती ओसरीवर येऊन बसली आणि कामाचं बोलण्याआधी माझ्या तोंडाजवळ नाक आणून तिने हुंगलं.

"बिडी ओढत न्हाईस म्हणं तू."

"सोडली, अज्जी."

"साऱ्या पेठंत विचारून आले. समदे ओढत्यात. धुराच्या तोंडचा वारा माज्या नातीच्या डबीला नगो." दोन बोटं हलवून ती म्हणाली, "बेडा म्हंजे बेडा." कानडीत बेडा म्हणजे नको, एवढं सोलापुरात सगळ्यांना कळतं. हे सांगून तिने कमरेची डबी काढली आणि दोन्ही नाकपुड्यांत तपकीर भरली. मी बघत राहिलो तशी म्हणाली, "ही नाकातली हाय. तोंडातली न्हाय."

मला हसू आलं आणि हसण्याची उबळ झाली. चांगली लांबली. ती शांतपणे बघत होती. मग मी तिला सगळं खरं सांगितलं. बुगडीचं, खोकल्याचं, डॉक्टरांचं. म्हणालो, "बिडी गेली, पण श्वास अजून परत आलेला नाही. चांदीची डबी माझ्याकडून आज होणार नाही."

ती का होणार नाही हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. सोन्याचा सांधा असेल तर आच सांध्यापुरती देता येते. चांदी आच साऱ्या अंगाला वाटून टाकते. सगळा जिन्नस सारखा तापला पाहिजे, तेव्हा कुठे डाग एकदम पाझरतो. तोवर फुंक अखंड. आणि या डबीला डाग होते सहा. प्रत्येक नवा डाग देताना जुने सुटायची भीती, म्हणून ते गेरूने लिंपायचे आणि ज्योत त्यांच्यापासून राखायची. सहाव्याला चुकलं तर आधीचे पाचही जातात.

"किती दिसानं येईल तुजा श्वास?" नागव्वाने विचारलं.

"माहीत नाही."

"वैशाखाला महिना हाय. मी हितंच हाय भाचीकडं. येऊन बसते रोज."

आणि ती खरंच रोज येऊन बसू लागली. सकाळी मिलचा भोंगा झाला की थोड्या वेळाने तिची काठी वाजायची. मी पहाटे सिद्धेश्वराच्या तळ्याला दोन फेऱ्या मारून आलेला असायचो. सुरुवातीला अर्ध्या फेरीत थांबून कफ काढावा लागे. परत आल्यावर तांब्यात पाणी घेऊन, वडिलांनी लहानपणी शिकवलं तसं, बुडबुडे काढत बसायचो. पस्तीस वर्षांचा बापई तांब्यात फुंकतोय हे बघायला पेठेतली माणसं थांबायची. नागव्वा मोठ्याने आकडे मोजायची, कानडीत. चाळीसच्या पुढे तिचाच गोंधळ व्हायचा आणि ती पुन्हा तिसावर यायची. त्यामुळे माझा श्वास किती वाढला हे कुणालाच नक्की सांगता येत नव्हतं.

तोंडात ज्येष्ठमधाची काडी धरायची सवय मी लावून घेतली. फोड बरे झाले. चक्कर थांबली. खोकला मात्र हटत नव्हता. दोन दिवस बरे जायचे, तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यासारखं. आपण पुढे चाललोय की मागे हेच कळत नव्हतं. तांब्याची एक डबी मी सरावासाठी घडवली. पहिल्या वेळी तिसऱ्या डागाला उबळ आली आणि सगळी सुटली. दुसऱ्या वेळी पाचव्याला.

डबी दुसऱ्यांदा सुटली त्या दुपारी नागव्वा जेवायला गेली होती. मुरारशेठ समोरून पाहत होते. ते उठून आले, माझ्या पाटावर एक बिडी ठेवली आणि म्हणाले, "दोन झुरके. छाती तासभर गप्प बसेल. तेवढ्यात तुझे सहा डाग होतील. म्हातारीला काय कळतंय." आणि निघून गेले.

ते म्हणत होते त्यात खोटं काही नव्हतं. दोन झुरक्यांनी खोकला दबला असता, हे मला माझ्या छातीपेक्षा चांगलं कोण सांगणार? बिडी बोटांत आली तीच किती ओळखीची वाटली. मी ती ओठांत धरली आणि दिव्याकडे वाकलो. ज्योतीची धग नाकाला लागली. तेव्हा मला त्या मुलीचा विचार आला, जिला मी पाहिलंही नव्हतं. ती ही डबी मरेपर्यंत गळ्यात वागवणार होती. तिच्या आजीने तिला सांगितलेलं असणार, ही बिनधुराची आहे. माझा खोटेपणा त्या मुलीने जन्मभर छातीशी धरायचा?

मी मागे झालो. बिडीचं पान उलगडलं, तंबाखू झटकून टाकली. मग तांब्याचे तुटके तुकडे गोळा केले आणि डबी तिसऱ्यांदा जुळवायला घेतली. तिचे सहाही डाग लागले. मधे दोनदा छातीत खाजवलं, मी गाल फुगवून धरले, नाकाने हळू श्वास घेतला आणि खाज विरून गेली. खोकला रोखायचा नसतो, त्याला पुढे जाऊ द्यायचं असतं, हे त्या दिवशी कळलं. उबळ येणार म्हणून मी आधीच घाबरायचो आणि फुंक तिथेच अर्धी तुटायची.

चांदी हातात घेतली तेव्हा दीक्षेला आठ दिवस उरले होते. वाट्या ठोकून घडवल्या, घासल्या. सोमवारी सकाळी दोन डाग दिले, मंगळवारी तीन. बुधवारी सकाळी शेवटचा उरला, वरच्या कडीचा. सुमतीने वारा येऊ नये म्हणून ओसरीचा पडदा सोडला आणि उंबऱ्यात उभी राहिली. मुरारशेठही येऊन बसले. त्यांच्या कानावर बिडी होती, ती त्यांनी नागव्वाकडे पाहून खिशात घातली.

जुने पाच डाग गेरूने लिंपले. डाग नीट पाझरावा म्हणून सांध्याला टाकणखार लावला, डागाचा कण ठेवला. बाकनळी ओठांत घेतली.

ज्योत आडवी झाली. चांदी आधी काळवंडली, मग तिच्यावर मळकट तांबूस छटा आली. मी मनात आकडे मोजत नव्हतो, डबीकडे बघत होतो. साठेक झाले असतील तेव्हा उबळ उठली. खरीखुरी, छातीच्या तळापासून. डोळ्यांत पाणी आलं, डबी अंधुक झाली. गाल फुंकत राहिले. मी नाकाने श्वास आत ओढला, अगदी धाग्याएवढा, मग आणखी एक. उबळ गळ्यापर्यंत आली, तिथे थांबली. ज्योत हलली नाही. डागाचा कण वाकला, चमकला आणि पाण्यासारखा सांध्याभोवती धावत गेला. मी नळी बाजूला घेतली.

मी डबी चिंचेच्या पाण्यात टाकली, घासली, पुसली आणि नागव्वाच्या हातात दिली. तिने कड्या ओढून पाहिल्या. बिजागरी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग माझा तांब्या ओढून घेतला आणि दोन्ही वाट्या काठोकाठ भरून पदरावर धरल्या. आम्ही सगळे तिच्या पदराकडे बघत राहिलो. पदर कोरडाच होता.

"थेंब न्हाई," ती म्हणाली. तिने डबी कोरडी केली, कपाळाला लावली, रेशमी फडक्यात गुंडाळली. माझा चेहरा एव्हाना लालबुंद झाला असणार, कारण उबळ अजून गळ्यात तशीच अडकून होती आणि मी तिला धरून बसलो होतो. नागव्वाने माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आता खोक की, लेकरा. कुणाला भ्यायचंय?"

मग मी खोकलो. छाती भरून, जिवाच्या आकांताने, पेठेच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल इतका. पूर्वी असा आवाज झाला की सुमतीचा चेहरा पांढरा पडायचा. त्या सकाळी ती उंबऱ्यात उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती, आणि मी खोकता खोकता तिच्याकडे बघून हसत होतो.